शाळेचं देवक

इनास मिस्किटा मास्तर रोज सकाळी खाडीच्या बांधावरून शाळेला यायचे ते जोडे गळ्यात अडकवून. नाडीला नाडी बांधलेली, एक जोडा छातीवर, एक पाठीवर. अंगात काळा कोट, डोक्यावर गोल टोपी आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शाळेच्या दारात मडक्यातल्या पाण्यानं पाय धुवायचे, खांद्यावरच्या पंच्यानं पुसायचे, जोडे चढवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. मास्तर अनवाणी शिरला तर सरकारी शाळेचा अपमान होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. गावात कुणी जोडे घालत नसे, त्यामुळे हा अपमान होतो की नाही हे ताडून बघायची सोयही नव्हती. पोरांना मात्र चिखलाच्या पायांचे मास्तर जास्त आवडायचे.

उथळपाडा म्हणजे बाळकुमाच्या पलीकडे, खाडी आणि भातखाचरं यांच्या मधल्या उंचवट्यावर वसलेली आगऱ्यांची वस्ती. ठाण्याहून कल्याणला आगगाडी जायला लागून तेव्हा तीसेक वर्षं झाली होती, पण पाड्याला तिची फक्त शिट्टी ऐकू यायची, तीही वारा त्या बाजूचा असला तर. गावाचा सगळा जीव बांधावर. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी, आणि पाण्याच्या कडेनं चिखलात उभं असलेलं तिवराचं दाट बन.

शाळा आणली गुणाजी पाटलानं. ठाण्याला खेटे घालून, साहेबाच्या कारकुनापुढे उभं राहून राहून त्यानं ती मिळवली होती आणि मिळाल्यावर हुकूम सोडला होता, 'घरटी एक पोर शाळेत. नाय धाडलं त्याच्या घरी मी जेवायला येनार नाय.' गुणाजीला मुलगा नव्हता. थोरली कलावती लग्नाची झालेली, म्हणून आपलाच हुकूम पाळायला त्यानं धाकट्या तुळसाला पाटी घेऊन बसवलं. आगऱ्याची मुलगी शाळेत, म्हणून बाकीचे हसले. पण पाटलाला तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती.

तर अशा या शाळेत इनास मास्तर लिहायला, वाचायला, हिशेब करायला शिकवायचे, कारण त्याची परीक्षा घ्यायला दरवर्षी डिपोटी साहेब यायचे. पण आठवड्यातून एकदा, ओहोटी असली की, ते जोडे पुन्हा गळ्यात अडकवायचे आणि सगळी पोरं घेऊन बांधावर जायचे. तिथे 'गप्प तास' असायचा. एका ओळीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. जो बोलला तो हरला. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, बिळातून बाहेर येऊन उड्या मारू लागल्या, खेकड्यांनी एक एक नांगी वर काढली, बगळा येऊन अगदी समोर उभा राहिला, तरी गप्प. शाळेत परतल्यावर मग एकेकानं सांगायचं, काय पाहिलं.

यात तुळसाचा हात कुणी धरू शकत नसे. बाकीची पोरं 'बगळा पाह्यला' म्हणून मोकळी व्हायची. तुळसा सांगायची, बगळा पाय हलवून चिखल ढवळतो, मग मासा बाहेर येतो, मग तो धरतो. आणि लहान मासे पळाले की तिवराच्या मुळांत शिरतात, तिथे बगळ्याची चोच पोचत नाही.

"का पोचत नाही?" मास्तर विचारायचे.

"झाडाची मुलां किती ती! कुडाची भिंतच हाय."

या एका उत्तरावर मास्तर दिवसभर खूश असायचे. डिपोटी साहेबांनी एकदा शेऱ्यात लिहिलं होतं की मास्तर मुलांना चिखलात बसवून वेळ दवडतात. मास्तरांनी शेरा वाचला, घडी घातली आणि पुढच्या ओहोटीला पोरांना पुन्हा घेऊन गेले. एरवी हा माणूस इतका भित्रा, की शाळेच्या घंटेचा लोलक पडला तेव्हा नवा मागायला त्यांना अख्खा पावसाळा लागला होता. पण तिवराच्या बाबतीत त्यांच्यात कुठून बळ यायचं देव जाणे.

कुठून यायचं ते खरं म्हणजे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते फक्त कुणाला सांगत नसत. त्यांचा बाप समुद्रकाठी, साष्टीच्या दुसऱ्या टोकाला, खारीचं भात पिकवायचा. इनास तेव्हा तुळसाएवढा असेल. गावानं बांधापुढची तिवरं जळणाला विकली. दोन पावसाळे काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी अमावास्येच्या उधाणात लाटा थेट बांधावर आल्या, बांध मधोमध फुटला आणि उतरलेल्या पाण्यानं शेतात मीठ मागे ठेवलं. बाप पुढं कितीतरी दिवस त्या पांढऱ्या जमिनीच्या कडेला नुसता बसून असायचा. मग घर मोडलं. पाद्रीबाबांनी इनासला शाळेत घातलं, बाप ठाण्यात हमाली करता करता गेला, आणि गाव म्हणून जे काही होतं ते संपलं. इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट सांगायला गेलं की मास्तरांना रडू फुटायचं. पोरांपुढे रडणारा मास्तर कुणाला हवाय? म्हणून ते निवट्या आणि खेकडे शिकवायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर कल्याणच्या बाजूचा एक चुनाभट्टीवाला मुकादम होडीतून पाड्याला आला. भट्टीला जळण हवं होतं, आणि तिवराचं लाकूड म्हणजे नुसता निखारा. त्यानं गुणाजीला सांगितलं की बांधापुढचं बन तोडू दिलंत, तर गावदेवीचं देऊळ पायापासून कळसापर्यंत चुन्याचं, पक्कं बांधून देतो.

आता गुणाजी काही लोभी माणूस नव्हता. गावदेवी कुडाच्या भिंतीत आणि गवताच्या छपराखाली बसलेली त्याला लहानपणापासून टोचायची. शेजारच्या गावांच्या देवी चुन्यात बसल्या होत्या. त्याच्या डोळ्यांपुढे कळस उभा राहिला आणि त्यानं शब्द देऊन टाकला; एकदा कळस दिसायला लागला की माणसाला पायाखालचं दिसत नाही.

मास्तर त्याला समजवायला गेले. पाटलाच्या ओटीवर ते नेहमी पायरीच्या कडेला टेकायचे. किरिस्ताव मास्तरानं तिथंच बसायचं, असं कुणी सांगितलं नव्हतं. पण वर या असंही कधी कुणी म्हटलं नव्हतं.

"पाटील, बांध तिवरांच्या जोरावर उभा आहे," मास्तर म्हणाले. "लाट आधी तिवरांना लागते, मग बांधाला. मासळीची पिल्लंही तिथंच वाढतात."

"मास्तर, तुमी पोरांना शिकवा," गुणाजी हसून म्हणाला. "आमच्या बापजाद्यांनी बांध घातलाय. झाडां काय, परत येतात."

मास्तर उठून आले. पुढचे कितीतरी दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. पाटलापुढे आपली डाळ शिजणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

मग एके दिवशी झाडांचा पाठ चालू असताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरात कुठलं झाड तोडत नाहीत?"

सगळी पोरं एकदम ओरडू लागली. आमचं कळंब! आमचं उंबर! आमचा आंबा! ज्याचं त्याचं देवक. लग्नात मांडवात ज्याची डहाळी पुजायची, ते घराचं देवक. त्याच्यावर त्या घरानं कुऱ्हाड चालवायची नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही. आगऱ्यांच्या शेजारात मोठे झालेल्या मास्तरांना हे ठाऊक होतंच. पण त्या दिवशी पोरांचे चेहरे बघून त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मास्तर, तुमचं देवक काय?" तुळसानं विचारलं.

"आम्हा किरिस्तावांना देवक नसतं."

"कायच नाय?" तिला फार वाईट वाटलेलं दिसलं.

"नाही. पण आपल्या शाळेला असायला काय हरकत आहे?"

पुढच्या ओहोटीला सगळी शाळा बांधावर गेली. तुळसानं घरून हळद आणली, चांगुणाच्या धाकट्या पोरानं, पोपटानं, तांदूळ आणले. चांगुणा ही गावची धवलारीण. तिच्या धवळ्यांशिवाय, म्हणजे लग्नातल्या गाण्यांशिवाय, पाड्यात लग्न लागत नसे, आणि विधीच्या बाबतीत तिच्या शब्दापुढे पाटीलही जात नसे. तिचा नवरा मासे धरणारा अबोल माणूस होता आणि त्यांचं भातखाचर बांधाला अगदी लागून. तर पोरांनी सगळ्यात जुन्या तिवराला हळद लावली, तांदूळ वाहिले, सूत गुंडाळलं आणि एका सुरात म्हटलं, "हे आमचं देवक. आमी तोडनार नाय, जालनार नाय, तोडू देनार नाय." मास्तर थोडे मागे उभे होते. त्यांचा हात नकळत कपाळाकडे गेला, क्रूस करायला, आणि मधेच थांबला. मग त्यांनीही हळूच तेच शब्द म्हटले.

आणि काय सांगावं, मात्रा लागू पडली! पोपटानं आईच्या चुलीतून तिवराचं ढलपं ओढून बाहेर फेकलं. घरोघरी तेच. पोरं जेवायला बसेनात. बाया कुरकुरल्या, पण देवक म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला. देवकावर कुऱ्हाड कोण उचलणार? गुणाजीचाही नाइलाज झाला. त्यानं मुकादमाला निरोप धाडला, की घरात लगीन हाय, ते उरकलं की बघू. मास्तरांना आतून इतका आनंद झाला होता की त्या आठवड्यात त्यांनी शाळेच्या दारात पाय धुवायचे विसरून चिखलासकट जोडे चढवले.

लग्न होतं गुणाजीच्या थोरल्या कलावतीचं, चांगुणाच्या थोरल्या मारुतीशी. साखरपुडा झालेला, दोन्ही घरं राजी, कलावती मारुतीचं नाव निघालं की पाणी भरायला विहिरीकडे पळायची. हळदीची तयारी चालू झाली, तशी चांगुणा पानाचा डबा घेऊन गुणाजीच्या ओटीवर येऊन बसली. कोण कधी काय करायचं ते ती सांगत होती, बाया ऐकत होत्या. म्हणाली, "तुमचं उंबर, आमचं कलंब. दोन डहाल्या लागतील."

तुळसा जवळच हळद निवडत होती. म्हणाली, "काकी, तिवरबी लागंल ना? आता तुमच्या घरचं नि आमच्या घरचं एकच देवक."

चांगुणाचा पानाला चुना लावणारा हात थांबला.

"एका देवकात लगीन लागत नाय," चांगुणा सावकाश म्हणाली. "एका देवकाची मानसं म्हंजे भाऊ-भयनी."

मग बाया मोजू लागल्या. पोर शाळेत आहे म्हणजे पोराचं देवक घरात आलं. घरटी एक पोर शाळेत, हा तर पाटलाचाच हुकूम. म्हणजे अख्ख्या पाड्यात आता कुणाचं कुणाशी लग्न लागायचं नाही! एकीनं कपाळावर हात मारला, दुसरीला हसू फुटलं आणि तिनं ते पदरात दाबलं. आत कलावती रडू लागली.

गुणाजी तडक शाळेत आला. मास्तर मुलांना उजळणी म्हणवून घेत होते.

"मास्तर, काय करून ठेवलंत? माझ्या पोरीचं लगीन मोडलंत तुमी."

सगळं ऐकल्यावर मास्तरांनी उजळणी थांबवून पोरांना बाहेर सोडलं. देवकाचं झाड तोडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. देवकाची दुसरी बाजू, ही लग्नाची, त्यांना कुणी कधी सांगितली नव्हती, कारण लग्नासाठी किरिस्तावाला देवकाचं काम पडत नाही. शेजारच्या घरातलं जे अंगणातून दिसतं तेवढंच त्यांनी पाहिलं होतं आणि तेवढ्या भांडवलावर अख्ख्या गावाला देवक देऊन बसले होते.

गुणाजीचा आवाज उतरला. तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "परवा देवळापुढं गाव जमवतो. तुमी चारचौघांत सांगा, का ते देवक खोटं, पोरांचा खेल. बस. तुमची नोकरीबी राहील."

देवक खोटं ठरलं की लग्न लागणार होतं. देवक खोटं ठरलं की लग्न उरकताच मुकादमाच्या होड्या येणार होत्या. दोन्ही गोष्टी मास्तरांना इतक्या स्पष्ट दिसत होत्या की संध्याकाळी घरी जाताना ते बांधावरून गेलेच नाहीत, आडवाटेनं गेले. तिवरांकडे बघवेना.

घरी सबीना, त्यांची बायको, सुकट भाजत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती कमी बोलायची, आणि बोलली की मास्तरांना ते आधी आवडायचं नाही.

"आपल्या देवळातलं काय उचलून कुनी असं वापरलं असतं, तर तुमाला चाललं असतं?"

"मी चांगल्यासाठीच केलं."

"ते मना ठाव हाय. पन विचारलं नाय तुमी कुनाला." तिनं ताट पुढं सारलं. "पोरीचं लगीन अडवून झाडां राखनार काय? जा नि सांगा. नि तुमच्या बापाची गोष्टबी सांगा. इतकी वरसां पोटात धरून कुनाचं भलं झालं?"

गाव देवळापुढे जमलं. मास्तर जोडे घालून आले होते. आज ते सरकारी मास्तर म्हणून उभे होते, निदान तसा त्यांचा बेत होता. गुणाजीनं खूण केली.

"देवक मी दिलं," मास्तर म्हणाले. "मला तो अधिकार नव्हता. तुमच्या रीतीची मला अर्धीच माहिती होती, नि मी विचारलं नाही. मुलांनी जे म्हटलं ते माझ्या सांगण्यावरून म्हटलं. कुणाच्या घराला त्याचं बंधन नाही. ज्याला ते परत करायचं असेल त्यानं करावं, मी माघारी घेतो."

सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं गुणाजी बोलला, "माझ्या घरचं सुटलं. देवीच्या समोर सांगतो, आमच्या घराला तिवराचं देवक नाय." मग एकेक घर उठून म्हणू लागलं, आमचं सुटलं, आमचं सुटलं. पोरं माना खाली घालून बसली होती. तुळसा मास्तरांकडे बघत होती, आणि ती नजर मास्तरांना सहन होईना. चांगुणा पान लावत होती. तिच्याच मुलाचं लग्न अडलेलं, तिला वेगळं कोण विचारणार?

"आणखी एक सांगतो आणि जातो," मास्तर म्हणाले. मग त्यांनी बापाची गोष्ट सांगितली. जशी आठवेल तशी, अडखळत. विकलेली तिवरं, उधाण, फुटलेला बांध. बाप शेताच्या कडेला बसायचा, तिथवर ते आले, आणि गावापुढे मास्तर रडले. पंच्यानं डोळे पुसून त्यांनी जोडे काढले, गळ्यात अडकवले, कारण पुढची वाट चिखलाची होती.

कुणीतरी खाकरलं. गुणाजी म्हणाला, "तुमच्या गावचा बांध कच्चा असंल मास्तर." पण तो खाली बघून म्हणाला.

गाव उठलं. चांगुणा जाता जाता मास्तरांपाशी थांबली. "मीठ कुठवर आलंतं?"

"बांधापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत."

चांगुणानं मान हलवली आणि ती निघून गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मास्तर शाळेत एकटेच होते. पोरं मांडवात. लांबून ढोल-सनई ऐकू येत होती; नवऱ्याकडची माणसं देवक आणायला निघाली होती. मास्तर पाट्या पुसत बसले. आपण लग्न मोडलं नाही याचं त्यांना बरं वाटत होतं, आणि तरी कशातच जीव नव्हता. ढोल कळंबाकडे गेला असणार, मग परत फिरेल, असं ते मनात म्हणत होते. पण ढोल परत फिरला नाही. तो जवळ जवळ येत चालला. मग दारात पोपट उभा राहिला, धापा टाकत.

"मास्तर, आये बोलवते. लवकर चला."

मास्तर बाहेर आले. बांधावर सगळी वरात उभी होती. चांगुणाच्या डोक्यावर सूप, सुपात कळंबाची डहाळी. तिचा नवरा हातात कुऱ्हाड घेऊन चिखलात उतरला होता, सूत गुंडाळलेल्या जुन्या तिवरापुढे. तुळसाही कुठून तरी येऊन पुढे घुसली होती. वधूपक्षाच्या मुलीचं तिथे काही काम नव्हतं, पण तिला हाकलायला कुणाला सुचलं नाही. मागून गुणाजी धोतर सावरत धावत येत होता.

"चांगुणे, हे काय चाल्लंय? देवक सुटलंय ना गावाचं!"

"तुमचं सुटलं," चांगुणा म्हणाली. "देवीच्या समोर तुमी बोललाव, आमच्या घराला तिवर नाय. आख्ख्या गावानं ऐकलं. मी कवा बोलले?"

गुणाजी धोतराचा सोगा हातात धरून जागीच थांबला.

"माझ्या पोपटानं घेतलं, ते माझ्या घरात आलं. घरात आलेलं देवक मी सोडत नाय. तुमचं उंबर, आमचं कलंब नि तिवर. आता देवक वेगलं झालं. लगीन लागंल." ती मास्तरांकडे वळली. "नि तुमी तिथं काय उभे? खाली या. एका देवकाच्या मानसांनी डहालीला हात लावायचा असतो."

"मी?" मास्तर म्हणाले. "मी तर माघारी घेतलं."

"पोरांचं घेतलंत. तुमचं तुमी कुठं सोडलंत? मी ऐकत होते."

खरंच, सोडलं नव्हतं. सगळ्यांचं सोडवताना स्वतःचं सोडायचं राहूनच गेलं होतं. मास्तर विजार दुमडून चिखलात उतरले. चांगुणाच्या नवऱ्यानं कुऱ्हाडीचं पातं झाडाला नुसतं टेकवलं, एक लहानशी डहाळी हातानंच मोडली आणि काही न बोलता तिचं एक टोक मास्तरांच्या हातात दिलं. वर बांधावर बायांनी धवळा धरला. मास्तरांना त्यातला एक शब्दही नीट ऐकू आला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी त्यांनी ते पुसलंही नाही.

लग्न लागलं. कलावती बांधालगतच्या घरात नांदायला गेली. दोन-चार दिवसांनी मुकादमाच्या होड्या आल्या, माणसं कुऱ्हाडी घेऊन उतरली. गुणाजी बांधावर उभाच होता. त्याच्या मनात काय चाललं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं: एका डोळ्यात कळस, दुसऱ्यात लेक.

"झाडां मिलायची नाय," तो म्हणाला.

"पाटील, शब्द दिला होतात."

"दिला होता. पन ते माझ्या व्याह्यांचं देवक हाय. माझी लेक त्या घरात दिलीय. तिच्या देवकावर बापानंच कुराड घातली, तर ती माझ्या दारात परत पाय ठेवील काय?"

मुकादमानं पुष्कळ समजावलं, देवळाचा चुना दुप्पट करून दाखवला. गुणाजी हलला नाही. होड्या रिकाम्या गेल्या. गावदेवी कुडाच्या भिंतीतच राहिली, आणि गुणाजी त्यानंतर कितीतरी दिवस देवळावरून जाताना तिची क्षमा मागायचा.

त्याच आठवड्यात तो शाळेच्या दारात आला. आत आला नाही. पागोटं नीट केलं, खाकरला.

"मास्तर, उद्या मांडवपरतनी हाय आमच्याकडं, लेक-जावई येतील. सबीनाबाईला घेऊन जेवायला या."

"पाटील, कुणाकडून निरोप पाठवला असतात तरी..."

"कसा पाठवनार? तुमी नवऱ्याकडचे. नवऱ्याकडच्यांना बोलवायला पोरीच्या बापाला सोता यावं लागतं." हे म्हणताना त्याच्या कपाळावर आठी होती. मग तीही गेली, आणि तो हसला. "पन यापुढं आमच्या देवादेवकांच्या वाटेला जायचं असंल, तर आधी चांगुणेला विचारा."

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि सबीना बांधावरून आले. भरती होती; पाणी तिवरांच्या कमरेपर्यंत चढलं होतं आणि बांधाला नुसतं हात लावून परतत होतं. मास्तरांचे जोडे गळ्यात होते. गुणाजीच्या अंगणात ते सवयीनं पायरीच्या कडेला थांबले. गुणाजी तांब्या घेऊन खाली उतरला आणि रीतीप्रमाणे त्यानं मास्तरांच्या चिखलाच्या पायांवर पाणी ओतलं. तुळसा पंचा घेऊन उभी होती.

पाय पुसून मास्तर जोडे चढवायला वाकले.

"ते राहू द्या बाहेर," गुणाजी म्हणाला. "आपल्या मानसाच्या घरात जोडे कोन घालतं?"

ओटीवर नवऱ्याकडच्यांसाठी घोंगडी अंथरली होती. चांगुणाच्या नवऱ्यानं थोडं सरकून आपल्या शेजारी जागा केली. मास्तरांनी जोडे पायरीवर ठेवले आणि ते अनवाणीच वर गेले.